पाच ताऱ्यांचं पोतं

(पवनी. दुपार. तलावाच्या पाळीवर हर्षा, भावना आणि गोलू. समोर बाबुलालचं सायबर कॅफे, लाइन म्हणजे वीज गेलेली. मधे कागदावर उकडलेले शिंगाडे.)

हर्षा : तू आधी आइक ना वं! मधी मधी नको बोलू. फक्त आइक. मंग पाहिजे तेवढ्या शिव्या दे.

भावना : आइकूनच राहिली ना मी. कव्हापासून तू "आइक आइक" करून राहिली, सांगत तं काईच नाई.

गोलू : मी बी आइकून राहिलो. शिंगाडे सोलता सोलता.

हर्षा : तू सोलून नाई, खाऊन राहिला. ठेव थोडे.

भावना : सीधी गोष्ट सांग. कॉलेज सुटलं का तू बाबुलालच्या सायबरमंधी. सकाळी कॉलेजच्या आधी बी सायबरमंधी. काल मॅडमनं हजेरी घेतली तं तुह्या नावावर मी "येस मॅडम" म्हटलं, आवाज बारीक करून. सगळा वर्ग हासला. आता मले मालूम झालंच पाहिजे. कोण आहे तो?

गोलू : तो? कोणी तो आहे? मले तं वाटलं ही रेल्वेचे फॉर्म भरून राहिली!

हर्षा : गेम आहे.

भावना : गेम?

हर्षा : गेम आहे एक. वतनगढ. देश चालवाचा गेम. आन आज लाइन नाई आली ना, तं मी गेली. म्हंजे त्या गेममधून गेली. कायमची. म्हणून मी इथी तुमच्यासंग बसून त्या दरवाजाकडं पाहून राहिली, समजलं?

गोलू : देश चालवून राहिली! अन् घरचा नळ कोण चालवून राहिलं?

हर्षा : गोलू, तू फेकल्या जाशील तलावात.

भावना : बे, बोलू दे तिले. तू सांग वं. काय असते त्यात?

हर्षा : आइक. त्यात आपण एक नागरिक असतो. मजुरी कराची, पगार घ्याचा, वोट द्याचं. कोणी मंत्री होते, कोणी लढाईवर जाते, कोणी छापखाना घेऊन पेपर काढते. जगभरातले लोक खेळते. आन रोज खा लागते. नावाखाली एक हिरवी पट्टी असते, त्याले दम म्हणते. रोज थोडी थोडी उतरते. शून्य झाली का नागरिक मिटला. नाव, घर, आलेले मेसेज, गेलेले मेसेज, सगळं साफ. परत नाई मिळत.

गोलू : लय खतरनाक आहे. आन खायाले काय भेटते?

हर्षा : तेच सांगून राहिली. एक ताऱ्यापासून पाच ताऱ्यापर्यंत माल असते. एक-तारा म्हंजे डबा, एका दिवसाचा. पाच-तारा म्हंजे पोतं. एकदा उघडलं का उन्हाळ्यापर्यंत पाहाचं काम नाई. पण महाग किती! घरदार विकलं तव्हा कुठं येते.

भावना : मंग चार-पाच महिने बसून खा ना. मस्त.

हर्षा : थांब ना. अजून एक कायदा आहे. आपला आपण घेतलेला डबा अर्धाच लागते अंगाले. दुसऱ्यानं दिला तं पूर्ण लागते.

गोलू : बरोबर आहे. मले बी दुसऱ्याच्याच डब्यातलं लागते. आईचा डबा अर्धा जाते, भावनाचा पूर्ण.

भावना : म्हणूनच मी वर्गात तुह्यापासून दूर बसते. आता तो कोण ते सांग.

हर्षा : अतुल.

गोलू : आला! नाव आलं!

हर्षा : चिखल्याचा आहे. ते मँगनीजची खाण आहे ना, तुमसरच्या वर, तिथचा. त्याचे बाबा खाणीत खाली जाते. अतुल गेममंधी पेपर काढत होता, "खाण समाचार" नावाचा. लय वाचत लोक. एक दिवस त्यानं मोठा लेख टाकला: भारी माल परवडते का? पूर्ण हिशोब मांडला. पाच-ताराच्या पैशात एक-तारा किती येते, कोणत्यानं पट्टी किती दिवस टिकते, सगळं. शेवटी लिहिलं, भाऊ हो, बहिणी हो, नाई परवडत. भारी मालाच्या मांगं लागू नका. एक-ताराच घ्या, रोज घ्या, एकमेकाले द्या.

भावना : चुकला तो.

हर्षा : काहून?

भावना : आमचं साड्यांचं दुकान आहे, मले शिकवू नको. स्वस्त साडी घेणारी बाई पोळ्याले घेते आन दिवाळीले पुन्हा उभी राहते, रंग गेला म्हणून. बाबा म्हणते, स्वस्त माल हा सगळ्यात महाग.

गोलू : आन माही चप्पल पाह्य. स्टँडवरची. दोन पावसाळे झाले. तुह्या बाबाले सांग.

भावना : ती चप्पल नाई राहिली बे, ती आठवण आहे फक्त.

हर्षा : अवं, साडी टिकते, तं भारी परवडंन. पण डबा टिकाले थोडीच आहे? पट्टी भरली का झालं, एक-तारानं भरो का पाच-तारानं. हेच तं तो सांगे. पण लेखाखाली लय भांडण झालं. त्या देशाचा फौजमंत्री होता, तो लिहिते, "तू हिशोबात एक गोष्ट धरलीच नाई. रोज येऊन डबा देयाची मेहनत. ती धरली तं पाच-ताराच स्वस्त पडते." झालं, सगळे त्याच्याकडून. बरोबर, बरोबर, मेहनत धरली नाई. आता अतुल काय म्हणंन? मी वाट पाहून राहिली. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. इतकुसंच. "ती मेहनत नाई."

भावना : बस?

हर्षा : बस. "ती मेहनत नाई." मी त्या खुर्चीवर बसूनच राहिली वं. बाबुलाल काका म्हणे, बाई, टाइम झाला, उठ.

गोलू : तीन शब्दांत पटली! मी चार वर्षांपासून पूर्ण पूर्ण वाक्यं बोलून राहिलो, माह्याकडं कोणी पाहत नाई.

भावना : तू खाताना बोलते म्हणून. मंग वं?

हर्षा : मंग मी त्याले एक डबा पाठवला. एक-तारा. सोबत लिहिलं, तुमचा हिशोब पटला. माह्या नावापुढं मी आपल्या टेकडीवरच्या स्तुपाचा फोटो लावला होता. त्यानं पाहिला. लिहिते, "जय भीम. पवनीची का? लहानपणी आमी बाबासंग आलो होतो स्तूप पाहाले. नदीत पाय बुडवले होते. नदी आज केवढी आहे?"

भावना : नदी केवढी आहे?

हर्षा : त्यांच्याकडं नदी नाई ना वं. तो म्हणे आमच्याकडं खड्डे आहे, पावसाचं पाणी भरलेले. नदी नाई. तव्हापासून रोज डब्यासंग एकच विचारे, नदी आज केवढी आहे? मंग मी काय करू, सायबरमंधी जायच्या आधी घाटावर जाऊन पाहून यायची. आन लिहाची, धोब्याचा दगड बुडाला. धोब्याचा दगड अर्धा दिसते. आज पाणी गढूळ आहे. आज एक नाव अटकली वाळूत.

गोलू : म्हणून तू घाटाकडून येत होती! आन मी आईले सांगतलं, हर्षा रोज नदीवर जाते, लय धार्मिक झाली.

भावना : आन तो काय लिहे?

हर्षा : तो खाणीचं लिहे. बाबा आज घरी आले, आंघोळीचं पाणी काळं निघालं. आज भोंगा उशिरा वाजला तं सगळ्या बाया दारात येऊन उभ्या झाल्या. असंच. एक दोन ओळी. जास्त नाई. टाइम नसे त्याच्याकडं. मले वाटे का गुर्मीत राहते, मोठा पेपरवाला. मंग एकदा दोन दिवस त्याचा डबा नाई आला. मी म्हटलं, काय झालं? तं म्हणे, सायकल पंक्चर होती.

भावना : सायकलीचा काय संबंध?

हर्षा : हाच तं! मी बी हेच विचारलं. तव्हा मालूम झालं का चिखल्याले कॉलनीत नेटच नाई. तो रोज सायकलनं गोबरवाहीले जाये, सायबरमंधी. उन्हात, पावसात, मँगनीजच्या ट्रकांच्या धुळीतून. कायले? तं मले एक डबा देयाले. आन नदी केवढी आहे ते वाचाले. त्या दिवशी समजलं मले ते. "ती मेहनत नाई."

गोलू : घे वं, हा मोठा शिंगाडा तुले.

हर्षा : नको. खा तू.

भावना : फोन नंबर नाई मांगतला त्यानं?

हर्षा : घरी मोबाईल एकच, तो बाबाच्या खिशात. मी नाई दिला, त्यानं नाई मांगतला. भेटाचं बी कोणी नाई बोललं. तो म्हणे एकदा येईन नदी पाहाले. मी म्हटलं ये. बस. कव्हा ते नाई ठरलं. मले वाटलं आहे ना टाइम. रोज डबा येऊन राहिला, मंग घाई कायची?

भावना : आन मंग?

हर्षा : मंग दसऱ्याच्या आधी एक दिवस मी गेम उघडला. तं माह्या गोदामात पाच-तारा पोतं!

गोलू : ओ हो हो!

हर्षा : अवं, मी उडालीच! कोणाले सांगू, कोणाले नाई! पाच-तारा! आमच्या देशात फौजमंत्र्याकडं बी नव्हतं. आन कोणी पाठवलं? ज्यानं पूर्ण देशाले सांगतलं का पाच-तारा घेऊ नका, त्यानं! मी हासली. म्हटलं पागल झाला हा. माह्यासाठी आपलाच कायदा मोडला यानं. मी त्या पोत्यावर बोट ठेवून पाहत राहिली काचेवर. पाच तारे असे चमकत. उघडणारच होती. बटन दाबाच्या आधी मेसेज दिसला खाली.

भावना : काय होतं?

हर्षा : पाठ आहे मले. "भरतीत नाव लागलं. उद्या निघतो. ट्रेनिंगमंधी मोबाईल जमा, नेट नाई, उन्हाळ्यापर्यंत सुट्टी नाई. तुले उपाशी ठेवून जाता येत नाई, म्हणून हे. आपल्या हिशोबात बसत नाई, मले मालूम आहे."

गोलू : भरती लागली? फौजेत? अरे बापरे, मी तीन वेळा पळून आलो ग्राउंडवर, माहं नाव नाई लागलं! भारी आहे तो.

भावना : गोलू.

गोलू : नाई, मी चांगलंच म्हणून राहिलो. म्हंजे त्यानं सोय करून देली ना. जवाबदार आहे.

हर्षा : हव. सोय करून देली. हेच.

भावना : मंग यात रडाचं काय आहे? उघडाचं होतं पोतं. उन्हाळ्यापर्यंत बिनफिकीर. तो आला का तू आहेच तिथी.

हर्षा : तुले रिता ताईची गोष्ट सांगतली का मी? लग्नानंतर पहिल्यांदा आली तव्हाची?

भावना : नाई.

हर्षा : आमच्या घरी धान दोन जातीचं. बारीक विकाले, जाडं घरी खायाले. तुमच्याकडं बी तसंच असंन.

गोलू : सगळ्यांकडंच. बारीक भात म्हंजे पाहुणा आला समजाचं.

हर्षा : आइक. ताई लग्न होऊन साकोलीले गेली. आन पहिल्यांदा घरी आली. मायनं बारीक तांदूळ काढला. वरण केलं, तूप सोडलं, ताटाखाली पाट मांडला. आमी सगळे खुश. ताईनं पहिला घास घेतला. आन तशीच थांबली. म्हणे, "मी पाहुणी झाली का वं माय?" माय म्हणे, "अवं चांगला भात आहे म्हणून केला." तं ताईच्या डोळ्यातून टपटप. ताट सारलं बाजूले. म्हणे, "मले जाडा दे." सकाळचा थंडा जाडा भात होता डेकचीत, बाबाचा उरलेला. मायनं तो देला. ताईनं तेल-मीठ टाकून खाल्ला. पूर्ण. जवाई बाहेर बसून होते, त्याइले वाटलं मायलेकींचं भांडण झालं. सायबरच्या खुर्चीवर बसल्या बसल्या मले ताईचं ताट दिसलं वं. ज्याले रोज देता येते तो एक-तारा देते. ज्याले आता रोज नाई येता येत, तो पाच-तारा देते. भारी माल कव्हा येते समजलं मले. माणूस जाऊन राहिला का येते.

गोलू : मंग? उघडलं का नाई?

हर्षा : नाई उघडलं.

भावना : परत केलं?

हर्षा : परत कसं करू? तो शेवटचा आला असंन गोबरवाहीले त्या दिवशी. परत आलेलं पाहिलं असतं तं काय वाटलं असतं त्याले? रस्ताभर तेच घेऊन गेला असता. नाई, परत नाई केलं. गोदामातच राहू देलं.

भावना : मंग ठीक आहे. पडून राहीन. पाहिजे तव्हा उघड.

हर्षा : पडून नाई राहत ना वं. माल उतरते. न उघडता ठेवला का दर हप्त्याले एक तारा कमी. पाचाचे चार, चाराचे तीन.

भावना : काय? आन तू तसंच राहू देलं?

हर्षा : हव.

भावना : सडवलं? माल सडवला तू?

गोलू : अवं, हिच्या समोर माल सडल्याची गोष्ट नको काढू, दुकानदाराची पोट्टी आहे, हिले चक्कर येईन.

भावना : तू चूप बे! हर्षा, उघडलं असतं तं उन्हाळ्यापर्यंत तुह्या पट्टीले काई झालं नसतं?

हर्षा : नाई.

भावना : आन आता? आता कशी जगून राहिली तू त्यात?

हर्षा : आपला आपणच डबा घेते. अर्धा लागते. म्हणून दोनदा जा लागते, सकाळी आन कॉलेज सुटल्यावर. आन त्याले बी एक डबा देते रोज. माहा त्याले पूर्ण लागते. त्याची पट्टी एकदम हिरवीगार आहे, पाहा कव्हाबी. सोबत एक ओळ लिहिते. नदीची.

भावना : तो वाचते?

हर्षा : नाई. कसा वाचंन? सगळ्या ओळी न वाचलेल्या. नावाच्या बाजूले लाल आकडा वाढून राहिला फक्त. तो बाहेर येईन तं पूर्ण हिवाळ्याची नदी वाचंन एका बसणीत.

भावना : आन तू नसशील तं? मले सांग. तो ट्रेनिंग करून येईन, सायकल काढंन, गोबरवाहीले जाईन, गेम उघडंन. आन तुहं नावच नसंन. काहून? तं एका दिवशी लाइन गेली होती, आन पोतं असून बाईनं उघडलं नाई. मंग? तुह्या लिहिलेल्या नद्या बी जाईन ना सगळ्या, तूच म्हटलं, गेलेले मेसेज बी साफ.

हर्षा : मले मालूम आहे.

भावना : मालूम आहे म्हणते! पोतं आलं कुठून त्याच्याकडं? तूच म्हटलं, घरदार विकलं तव्हा येते.

हर्षा : छापखाना विकला त्यानं.

गोलू : कोणता? खाण समाचारवाला?

हर्षा : हव. मले आधी नव्हतं मालूम. एक हप्ता झाल्यावर "खाण समाचार" उघडला तं वर दुसऱ्याचंच नाव. कोणीतरी बाहेरच्या देशाचा. भारी मालाच्या जाहिराती लावून राहिला त्यात. तो लेख बी काढून टाकला. "ती मेहनत नाई" ते बी गेलं.

भावना : आन तव्हा पोतं किती ताऱ्याचं होतं?

हर्षा : चार.

भावना : चार तारे होते! छापखाना विकून घेतलेलं समजलं, तव्हा बी चार तारे होते, आन तू नाई उघडलं! अवं, मी त्या पोट्ट्याले पाहिलं नाई, तरी मले त्याच्यासाठी वाईट वाटून राहिलं. त्याच्या जवळ जे होतं ते सगळं देलं त्यानं.

हर्षा : म्हणूनच तं हात नाई लागत होता वं. रोज बटनावर जाये आन परत. उघडलं का मोठी पट्टी, हिरवी, वरपर्यंत. आन खाली लिहून येते, "या नागरिकाचं पोट भरलेलं आहे." मंग कोणी डबा देला तं घेताच येत नाई. मले जायाचं कामच नाई राहत. नदी पाहाचं काम नाई. मी घरी बसून पाहुणी.

भावना : ताईनं जाडा खाल्ला, तरी गेलीच ना साकोलीले?

हर्षा : गेली. पण पाहुणी म्हणून नाई गेली.

भावना : शिंगाडे संपले का बे?

गोलू : दोन आहे. घ्या. माहं पोट भरलेलं आहे. नाई, म्हंजे, तसं नाई म्हटलं मी.

हर्षा : हास रे, हास. काई नाई होत.

भावना : आता पोतं किती ताऱ्याचं आहे?

हर्षा : हेच तुले सांगाले आइक आइक करून राहिली मी. आज सकाळी पाहिलं. एक.

भावना : एक तारा?

हर्षा : एक-तारा. समजून राहिलं का तुले? आज ते एका दिवसाचा डबा आहे. त्याच्या हातचा. रोज देयाचा तसाच, एकदम तसाच, पूर्ण लागते असा. मी सकाळीच उघडणार होती. तं म्हटलं नाई, सकाळी नाई, तो संध्याकाळच्या आधी देयाचा, त्याच टाइमले उघडीन. आन कॉलेज सुटलं तं लाइन गेली!

गोलू : आन संध्याकाळी?

हर्षा : संध्याकाळी गेमचा दिवस बदलते. शेवटचा तारा एकच दिवस टिकते, मंग तो बी उतरते. रिकामं पोतं. आन माही पट्टी तशीबी काठावर आली, सकाळचा डबा मी नाई घेतला, याच्याच भरवशावर.

भावना : पागल आहे तू. पूर्ण पागल. पाच ताऱ्याचं पोतं सडवलं, एक दिवसाच्या डब्यासाठी!

हर्षा : हव.

भावना : आन उद्यापासून?

हर्षा : उद्यापासून आपलाच. अर्धा तं अर्धा. दोनदा जाईन, तीनदा जाईन.

गोलू : काहून? मी मेलो का?

हर्षा : तुहा काय संबंध?

गोलू : अवं, दुसऱ्यानं दिला तं पूर्ण लागते ना? मंग मी होतो नागरिक. रोज येऊन तुले एक-तारा देतो. कॉलेजचं तसंबी मन लागत नाई माहं. नाव काय ठेवू? "गोलू सम्राट" चालंन?

भावना : तू रोज येशील? तू? तुले पहिला पिरियड कव्हा असते ते मालूम नाई.

गोलू : येईन म्हटलं ना. शिंगाड्याची शपथ.

हर्षा : खरंच येशील का रे?

गोलू : येईन वं. आन नदी केवढी आहे ते नाई विचारणार. मी रोजच पाहतो नदी.

भावना : हा दोन दिवसांनी कंटाळंन. मले बी शिकव. मी सांभाळीन याले. पण मी पाच-ताराच परवडते म्हणीन, सांगून ठेवते. आमच्या दुकानाची इज्जत आहे.

हर्षा : तुमी दोघं ना...

गोलू : ए! ए, आली! लाइन आली! पाह्य, बाबुलालचा पंखा फिरला! चाल, चाल, उठ! मी जाऊन कोपऱ्यातला कॉम्प्युटर पकडतो, तू ये मांगून!

भावना : पळाला. चप्पल तुटंन त्याची आज. चाल वं हर्षा. काय झालं? आता तं वाट पाहून जीव जाऊन राहिला होता तुहा.

हर्षा : आज नदी नाई पाहिली मी. लाइनीच्या नादात.

भावना : मी पाहिली सकाळी, बाबाचा डबा नेताना. धोब्याचा दगड पूर्ण उघडा पडला. दोन बगळे बसले होते त्याच्यावर.

हर्षा : दोन?

भावना : दोन. लिहून टाक. आता उठ.

हर्षा : उघडलं का संपलं वं. मंग त्याच्या हातचं काईच नाई राहत माह्याजवळ. उन्हाळ्यापर्यंत.

भावना : नाई उघडलं तरी संपतेच. संध्याकाळी.

हर्षा : हव. जाते. जाऊनच राहिली. पण एक सांग मले. दुकानवाली म्हणून नाई, तू म्हणून सांग. तुह्यासाठी कोणी आपला छापखाना विकून पाच ताऱ्याचं पोतं ठेवून गेला असता, आन तुले त्याच्या रोजच्या डब्याचीच भूक असती, तं तू काय केलं असतं?